न उघडणारी वही

लक्ष्मीपूजनाला वही पुजण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. लाल बासनातली ती लांबट वही कधी पावसात भिजली, कधी वाळवीच्या तोंडी लागली, कधी उंदरांनी तिच्या कडा कुरतडल्या; पण ‘मी उघडत नाही’ असे तिने मालकाला कधी ऐकवले नाही. एक पान गेले तर एकच पान जाई, बाकीची इमानाने हिशेब सांगत. आता त्या वहीच्या जागी एक्सेलची फाइल आली आहे. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या जोडीने ‘व्हिसिकॅल्क’ या नावाने संगणकावरचा आकडेतक्ता बाजारात आणला आणि बेरजा-वजाबाक्यांचा भार माणसाच्या डोक्यावरून उतरला. ही नवी वही मोठी गुणी खरी. पण तिचे एखादे बोट दुखावले, तरी ती सर्वांगाने रुसून बसते.

आता हेच पाहा. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवर इटियाडोहचे धरण आहे. त्याचे पाणी गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली अशा तीन जिल्ह्यांतल्या धानाला मिळते. २००५ च्या कायद्याने कालव्याच्या पाण्याचा कारभार शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे देण्याची वाट घालून दिली. अशाच एका संस्थेचा हिशेब मागच्या वर्षी रुसला. तरुण सचिव पेनड्राइव्हवरच फाइल ठेवून काम करी. ती जतन होत असतानाच वीज गेली. वीज परत आली, फाइल काही उघडेना. हलके धान कापून झालेले, उन्हाळी धानाच्या पाण्याचे अर्ज दारात आलेले, आणि कोणाची पाणीपट्टी भरली, कोणाची थकली, हे सांगणारी वही मिटलेली! ज्याने पैसे भरले त्याच्याकडे पुन्हा मागायला गेले, तर संस्थेवर विश्वास कोण ठेवणार?

अशा वेळी पहिला नियम वैद्याचा: रोग्याला आधी अपाय करू नये. मूळ फाइलला हात न लावता तिची एक नक्कल दुसऱ्या ठिकाणी करावी आणि सगळे प्रयोग त्या नकलेवर करावेत. नक्कलच होत नसेल, तर दुखणे फाइलचे नसून पेनड्राइव्हचे आहे असे समजावे. नक्कल झाली की तिचा आकार पाहावा. तो शून्य असेल, तर रिकाम्या हंड्यातून पाणी काढण्याची खटपट व्यर्थ. जुनी प्रत शोधावी. ती एखाद्या ईमेलला जोडलेली सापडते, गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवरच्या मागील आवृत्त्यांत सापडते. एक्सेल स्वतःही एरवी दर दहा मिनिटांनी आपल्यापुरती एक प्रत राखीत असते, तीही पाहावी.

आकार शाबूत असेल, तर एक्सेलमध्ये फाइल उघडण्याच्या चौकटीत ‘उघडा’ या बटणाशेजारच्या बाणाखाली ‘उघडा आणि दुरुस्त करा’ अशी सोय असते. तेथे आधी दुरुस्ती मागावी. ती न साधल्यास नुसती माहिती काढून मागावी. त्यानेही भागले नाही, तर लिबरऑफिसचा फुकट मिळणारा ‘कॅल्क’ वापरून पाहावा. एकाला न लागलेले अक्षर दुसऱ्याला लागते, हा अनुभव पोथ्यांत येतो तसा इथेही येतो. मात्र ‘फाइल दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांच्या हाती गावाचे आधार क्रमांक आणि बँकेची खाती देऊ नयेत.

आमच्या सचिवाला यातले काहीच फळले नाही. मग शेवटचा उपाय. २००७ पासूनची एक्सेलची फाइल हे मुळात एक गाठोडेच आहे. आत साध्या अक्षरांत लिहिलेले बरेच कागद दाबून भरलेले असतात, आणि त्यांची अनुक्रमणिका गाठोड्याच्या अगदी शेवटी असते. लिहिता लिहिता वीज गेली, की शेवट राहून जातो; अनुक्रमणिका नाही म्हणून यंत्र म्हणते, पुस्तकच नाही! वास्तविक पुढची पाने जागच्या जागी असतात. नकलेच्या नावाचे शेपूट बदलून ‘झिप’ केले आणि झिप दुरुस्त करणारे साधन चालवले, की ती पुष्कळदा हाती येतात.

इथेही ती आली, पण कशी? एक्सेल आकडे तक्त्यात ठेवते आणि शब्द निराळ्या कागदावर. तक्त्यात नावाच्या जागी फक्त त्या नावाचा अनुक्रमांक असतो. तक्त्याचा कागद आधी लिहिला गेला होता, तो वाचला. शब्दांचा मागून यायचा होता, तो गेला. सव्वादोनशे ओळींतल्या रकमा जशाच्या तशा होत्या, माणसे तेवढी नाहीशी झाली होती.

मराठीच्या माणसाला इथे ‘लीळाचरित्र’ आठवल्यावाचून राहत नाही. म्हाइंभटांनी कष्टाने जुळवलेली ती मूळ पोथी धामधुमीच्या काळात नष्ट झाली. पुढे हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली. त्यातून निरनिराळे पाठ झाले, आणि पोथ्या ताडून त्यांचा मेळ घालण्याचे काम वि. भि. कोलते यांच्यासारख्या पंडितांना करावे लागले. त्यांची प्रत १९७८ साली निघाली. आद्य मराठी गद्याचा हा ठेवा आपल्या हाती आहे, तो कोणा माणसाला पाठ होता म्हणून.

संस्थेलाही तिची हिराइसा भेटली. ती म्हणजे निवृत्त झालेले एक म्हातारे पाटकरी. ते येऊन बाकावर बसले आणि म्हणाले, “लिव बाबू, नहराच्या तोंडापासून सांगतो.” शेतामागून शेत, बांधामागून बांध, नहराच्या शेपटापर्यंत त्यांनी नावे सांगितली. आता स्मरणाची परीक्षा कशी घ्यायची? तीही सोय त्या मोडक्या फाइलीतच होती. ज्या दोन ओळींत एकच अनुक्रमांक, तिथे नाव एकच असले पाहिजे. दोन-दोन शेते असलेल्यांची नावे तशी बरोबर जुळली. मग पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती काढून रकमा ताडल्या. दोन नावांचा संशय उरला, त्या दोघांना बोलावून त्यांच्या घरच्या पावत्या पाहिल्या. पाण्याचे अर्ज वेळेत गेले आणि कोणाकडेही दुबार पैसे मागावे लागले नाहीत.

सांगायचा मुद्दा असा की, यंत्राने आकडे परत दिले. नावे परत दिली ती माणसाने, आणि दोघांचाही खरेपणा ठरवला तो कागदाच्या चिटोऱ्यांनी. यांतला एक जरी साक्षीदार नसता, तर काम अडले असते. म्हणून वाचकहो, यंदा वहीपूजन कराल तेव्हा आपल्या फाइलीची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर आणि एक घराबाहेर ठेवा, वर्षाचा ताळेबंद एकदा कागदावर छापून घ्या, पावत्यांच्या स्थळप्रती रद्दीत घालू नका. आणि गावात असा एखादा पाटकरी असेल, तर फराळाचे ताट घेऊन त्याच्याकडे जा आणि तो सांगेल ते लिहून घ्या. त्याच्या स्मरणाची दुसरी प्रत अजून कोणी केलेली नाही.