गोळीला विटाळ नसतो

दोस्तांनो, शहागंजच्या चमनपाशी चहा पीत आपण जात गाडायच्या गप्पा हाणतो. परवा तिथंच आपल्यातलाच एकजण म्हणाला, "त्याचा ग्लास वेगळा ठेव रे, त्याला एड्स हाय." च्यायला! वेगळा ग्लास! आपल्या बापजाद्यांना फुटक्या कपात चहा ओतणाऱ्यांची जीभ आपल्या तोंडात कधी उगवली?

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं, त्यानं तीन आठवडे गोळीच घेतली नव्हती. का? रांगेत ओळखीचं कुणी दिसलं तर!

आता नीट ऐका. एचआयव्ही रक्तातल्या पांढऱ्या पेशीत घुसतो, स्वतःच्या नकला काढतो, शरीराची राखण मोडतो. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडीन त्याची नक्कल अडवतात. डोल्युटेग्राव्हिर त्याला पेशीच्या जनुकात बसू देत नाही. तिन्ही मिळून एकच गोळी. रोज एक, जन्मभर. विषाणू संपत नाही, दबून राहतो. गोळ्या चुकवत गेलात की उठतो आणि औषधालाही जुमानेनासा होतो. पण नियमित घेतली, तपासणीत विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच दबून राहिला, तर तो संभोगातूनही दुसऱ्याला लागत नाही. आणि चहाच्या ग्लासातून तर तो कधीच लागत नव्हता!

ही गोळी कुणाची मेहरबानी नाही. परदेशी कंपन्या माणशी वर्षाला दहा हजार डॉलर उकळत होत्या. २००१ साली मुंबईच्या सिप्लानं तीन औषधांचा इलाज ३५० डॉलरला देऊ केला. जमलं, कारण १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधावरच मक्तेदारी दिली नव्हती. तरी सरकारी दवाखान्यात फुकट गोळी सुरू व्हायला १ एप्रिल २००४ उजाडला. तोवर गरिबानं मरायचं!

२०१७ चा कायदा भेदभावाला बंदी करतो. उपचार मात्र सरकारनं 'शक्य तितके' द्यावेत म्हणतो. २०२२ साली गोळ्यांचा तुटवडा पडला, तेव्हा दिल्लीत नाकोच्या दारात रुग्णांनाच ठिय्या मांडावा लागला. हे यांचं 'शक्य तितकं'! 'शक्य तितकी' समता आपण कधी मागितली होती काय?

सरकारला जाब विचारूच. पण ज्याच्या हातात वेगळा ग्लास आहे, त्यानं कुणाला विचारायचं? आधी तो ग्लास फोडा. आपला दोस्त पुढची गोळी आणायला निघेल, तेव्हा त्याच्या बाजूला, त्याच रांगेत, मी उभा असेन.

बोला, कोण येतंय?