चिठ्ठ्या टाकून औषध

"माणसाचा जीव म्हणजे काय सोडतीचें तिकीट आहे?" हा प्रश्न सुशिक्षितांच्या बैठकींत आम्हीं अनेकदां ऐकला आहे. नव्या औषधाची परीक्षा करतांना रोग्यांचे दोन गट पाडावयाचे. कोण कोणत्या गटांत जाणार हें डॉक्टरानें नव्हे, रोग्यानेंहि नव्हे, तर केवळ यदृच्छेनें ठरवावयाचें. एका गटास नवें औषध व दुसऱ्यास जुनाच उपचार द्यावयाचा, ही यादृच्छिक चाचणीची पद्धति या मंडळींस निर्दय वाटते. अमुक मुळीच्या अर्कानें कर्करोग हटतो, असा मजकूर शेजारच्या आजारी बाईकडे धाडतांना मात्र त्यांची हीच दया कोठें जाते, तें कळत नाहीं.

नोव्हेंबर २०२४ मध्यें माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनीं आपल्या पत्नीच्या रोगमुक्तीचें श्रेय हळद, कडुनिंब, लिंबूपाणी इत्यादि आहारास दिलें. बाईंवर शस्त्रक्रिया व केमोथेरपी झालेली होतीच. पण श्रेयाच्या वाटपांत हळद पुढें आली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ तज्ज्ञांस पत्रक काढून, अशा विधानांवर विसंबून उपचार लांबवूं नका, असें लोकांस सांगावें लागलें. त्यावर 'हळदीचा गुण प्रयोगशाळेंत सिद्ध आहे' हें ठरलेलें उत्तर. आहे, खरा. हळदींतील कर्क्युमिन काचेच्या बशींतील कर्कपेशींस मारतें. परंतु पोटांत गेलेलें कर्क्युमिन रक्तांत फारच थोडें उतरतें. आणि बशींतल्या पेशी तर कपड्यांच्या ब्लीचनेंहि मरतात!

बशीच्या पुढची पायरी उंदराची. मे १९९८ मध्यें 'न्यूयॉर्क टाइम्स'नें बोस्टनच्या ज्यूडा फोकमन यांच्या प्रयोगांची हकीगत पहिल्या पानावर छापली. गांठीस रक्त पुरविणाऱ्या नव्या वाहिन्यांची वाढ रोखून त्यांनीं उंदरांच्या गांठी आटविल्या होत्या. संबंधित कंपनीच्या शेअरचा भाव एका दिवसांत चौपटीवर गेला. पुढें अमेरिकेंत माणसांवर परीक्षा झाली तेव्हां एंडोस्टॅटिनचा प्रभाव नगण्य ठरला. मूळ कल्पना मात्र खोटी नव्हती. त्याच वाटेनें आलेल्या बेव्हॅसिझुमॅबला २००४ सालीं आंतड्याच्या कर्करोगासाठीं मान्यता मिळाली. स्तनाच्या कर्करोगासाठीं २००८ सालीं मिळालेली मान्यता मात्र, त्यानें आयुष्य वाढत नाहीं असें चाचण्यांत दिसल्यावर, २०११ सालीं काढून घेण्यांत आली. औषध एकच, तत्त्वहि एकच. हा भेद कोणता उंदीर सांगणार होता?

परंतु 'अनुभवी डॉक्टरास चाचणीची गरज काय?' असें विचारणारांनीं अमेरिकेंतील एक प्रकरण अवश्य अभ्यासावें. औषधाची मात्रा वाढविली कीं अधिक कर्कपेशी मरतात, हें प्रयोगशाळेनें दाखविलें होतें. मात्रेस मर्यादा पडते ती अस्थिमज्जा जळून जाते म्हणून. तेव्हां रोग्याची मज्जा आधीं काढून ठेवावी, प्रचंड मात्रा द्यावी, आणि मग मज्जा परत घालावी! तर्क इतका बिनतोड कीं शंका घेणाराच मूर्ख दिसावा. १९८० नंतरच्या दशकांत स्तनाच्या कर्करोगावर हा उपचार सुरू झाला आणि प्रारंभींचे अहवाल उत्साहाचे आले. त्यांत तुलना होती ती जुन्या नोंदींशीं; आणि उपचारास निवडलेल्या स्त्रिया मुळांतच तरुण, धडधाकट व औषधास दाद देणाऱ्या होत्या. त्या अधिक जगल्या यांत नवल तें काय? पण रोगी, डॉक्टर, वर्तमानपत्रें व न्यायालयें सर्वांचा निकाल आधींच झालेला होता. १९९३ सालीं कॅलिफोर्नियांत एका ज्यूरीनें हा उपचार नाकारणाऱ्या विमा कंपनीस ८ कोटी ९० लक्ष डॉलर भरावयास लाविलें. उपचार बाहेर मिळत असतां चाचणींत जाऊन चिठ्ठीवर कोण विसंबणार? चाचण्या वर्षानुवर्षें रखडल्या आणि तोंवर हजारों स्त्रिया त्या यातनांतून गेल्या.

१९९९ सालीं निकाल हातीं आले. दक्षिण आफ्रिकेच्या वर्नर बेझवोडा यांच्या चाचणींत तेवढें मोठें यश दिसलें. म्हणून २००० सालीं अमेरिकन तपासनीस जोहान्सबर्गला गेले, तों त्यांस तेथें लबाडी आढळली. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणींत, रोग शरीरभर पसरलेल्या स्त्रियांपैकीं तीन वर्षांनीं जिवंत होत्या त्या प्रचंड मात्रेच्या गटांत शेंकडा ३२ व साध्या उपचाराच्या गटांत ३८. हा फरक यदृच्छेचाहि असेल. फायदा मात्र नव्हता. या स्त्रियांना चिठ्ठीनें छळलें नाहीं. चिठ्ठी टाकण्यास झालेल्या विलंबानें छळलें.

चिठ्ठीचा न्याय क्रूर म्हणणारांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधील क्षयाची चाचणीहि पाहावी. स्ट्रेप्टोमायसिन सर्वांस पुरेल इतकें नव्हतेंच. तें वशिल्यानें वाटण्यापेक्षां मोहोरबंद पाकिटांनीं वाटलें. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकीं ४ दगावले, नुसती विश्रांति मिळालेल्या ५२ पैकीं १४. आणि जंतु औषधास जुमानीनासे होतात, हेंहि त्याच चाचणींत स्पष्ट दिसलें.

आम्ही चाचणीची पूजा मांडीत नाहीं. कंपन्या आपल्या औषधाची गांठ दुबळ्या प्रतिस्पर्ध्याशीं घालून देतात, प्रतिकूल निकाल दडपतात, आयुष्य मोजण्याऐवजीं फोटोवरील गांठ मोजतात. आपल्या देशांत १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची आगाऊ नोंदणी सक्तीची झाली, ती उगाच नव्हे.

सर्वांत कठीण प्रश्न आमच्या दाराशींच आहे. १९९८ पासून टाटा रुग्णालयानें मुंबईच्या वस्त्यांतील सुमारें दीड लक्ष स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी केली. शिकविलेल्या आरोग्यसेविका व्हिनेगारांतलें आम्ल लावून तपासणी करीत. दुसऱ्या गटास केवळ आरोग्यशिक्षण होतें. २०१३ सालीं निकाल जाहीर झाला: तपासलेल्या गटांत या रोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नीं कमी. दुसऱ्या गटास तपासणीवांचून ठेवणें अनीतीचें, असा आक्षेप आला. तो आम्ही उडवून लावीत नाहीं. सुखवस्तु घरच्या बायकांस कोणी पंधरा वर्षें असें ठेविलें नसतें. पण त्या वस्त्यांत त्यापूर्वीं कोणाचीच तपासणी होत नव्हती, आणि ही स्वस्त युक्ति मृत्यु टाळते याचा पुरावा तोंवर नव्हता. आतां तो आहे. तरीहि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकीं या रोगाची तपासणी कधीं तरी झालेल्या शेंकडा दोनहि भरल्या नाहींत. त्यांच्यासाठीं कोणी चिठ्ठी टाकली नव्हती. आक्षेपकांनीं याचा जाब सरकारास व महानगरपालिकांस विचारावा. आम्हीहि त्यांच्याबरोबर येऊं.