पदविकेनंतर उद्योजकतेचे शिक्षण : कोणासाठी आणि कशासाठी?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. भरपूर गुण मिळाले तर अकरावी विज्ञान, थोडे कमी पडले तर ‘डिप्लोमा’. पदविका म्हणजे दुय्यम वाट, असा समज आपल्या समाजात पक्का रुजला आहे. पण साधा हिशेब करून पाहा. अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि अभियांत्रिकी पदवीची चार, अशी सहा वर्षे होतात. तंत्रनिकेतनाची तीन वर्षे आणि नंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाल्यास पुढची तीन, म्हणजेही सहाच. पदविकेच्या वाटेने जाणाऱ्याचे एकही वर्ष वाया जात नाही. उलट एकोणिसाव्या वर्षापर्यंत त्याचा हात लेथवर, वेल्डिंगवर किंवा विद्युत जोडणीवर बसलेला असतो.

या वाटेला आता एक नवा फाटा फुटला आहे. नवोपक्रम आणि उद्योजकता हा विषय अनेक विद्यापीठांतून शिकवला जातो. कोठे तो अभियांत्रिकीच्या जोडीला घ्यायचा उपविषय असतो, तर कोठे त्यावर स्वतंत्र पदवी मिळते. पदविकाधारकाने हा विषय घ्यावा काय? माझे मत असे की, अवश्य घ्यावा. परंतु हातातले कौशल्य सोडून नव्हे, तर त्याला जोडून.

शोध लागला, पुढे काय?

नवी वस्तू सुचणे किंवा बनवणे ही एक गोष्ट. ती लोकांच्या वापरात येणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीला नवोपक्रम म्हणतात, आणि त्यासाठी माणसे, पैसा व धोका यांची जुळवाजुळव करणे म्हणजे उद्योजकता.

टॉमस एडिसनने १८६९ साली मते नोंदवणाऱ्या विद्युत यंत्राचे पेटंट घेतले. यंत्र चांगले चालत होते, पण ते कायदेमंडळांना नकोच होते! आपल्याकडचे शंकर आबाजी भिसे यांनी छपाईचे खिळे वेगाने पाडणारे यंत्र तयार केले. त्यांची बुद्धी असामान्य होती, तरीही लंडनमध्ये आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या शक्तीचा मोठा भाग भांडवल मिळवण्याच्या खटपटीत खर्ची पडला.

याउलट लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे पाहा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक रेखाटन शिकवत. पुढे बेळगावात त्यांनी सायकलींचा व्यवसाय केला, कडबा कापण्याचे यंत्र बनवले आणि १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी समजूत होती. नांगराची घडण अचूक असून भागले नाही. शेतकऱ्याच्या मनातली शंका फिटावी लागली. ती फिटली, नांगर चालले आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडाचे ज्ञान आणि माणसांचे ज्ञान असे दोन्ही लागते, हे या उदाहरणातून दिसते.

एक छोटे गणित

हे नीट समजण्यासाठी आपण एक काल्पनिक उदाहरण सोडवू. समजा, तुम्ही ठिबक सिंचनाच्या नळ्या गुंडाळण्याचे एक हातयंत्र बनवले. एका यंत्राला साहित्य १,८०० रुपयांचे, मजुरी ५०० रुपये, आणि वाहतूक व दुरुस्तीची तरतूद २०० रुपये. एकूण २,५०० रुपये. तुम्ही ते ३,००० रुपयांना विकले तर प्रत्येक नगामागे ५०० रुपये उरतात. पण शेडचे भाडे, साचे आणि जिग यांवर आधीच १,००,००० रुपये खर्च झाले आहेत. ते भरून निघण्यासाठी २०० यंत्रे विकली गेली पाहिजेत. दोनशे एकावे यंत्र विकाल तेव्हा पहिला खरा नफा!

आता शेतात जाऊन विचारा. शेतकरी म्हणेल, “यंत्र छान आहे, पण वर्षातून दोनदाच लागतं. शेजाऱ्याकडून मागून आणीन.” झाले, दोनशेचा आकडा ढासळला. मग यंत्र विकण्याऐवजी १०० रुपये रोजाने भाड्याने दिले तर? तीस दिवसांत त्याची विक्रीची किंमत वसूल होते आणि यंत्र तुमच्याकडेच राहते. अर्थात, तीस दिवस मागणी येईल का, बिघडलेले यंत्र कोण दुरुस्त करील, हे पुन्हा शोधावे लागेल. यंत्रात एकही खिळा बदलला नाही, तरी धंदा बदलला. हे उत्तर लेथवर सापडत नाही. पण ज्याने यंत्रच बनवले नाही, त्याच्यापुढे हा प्रश्न तरी कसा यावा?

विद्यापीठाने काय द्यावे?

म्हणूनच माझा आग्रह आहे की, हा विषय केवळ व्याख्याने आणि तीन तासांची लेखी परीक्षा यांत कोंडू नये. ‘उद्योजकाचे गुण सांगा’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करून कोणी उद्योजक होत नाही.

पदविकेत एक नग उत्तम कसा करावा हे शिकवले जाते. विद्यापीठात शंभर नग एकसारखे कसे निघतील, त्यांतला प्रत्येक गेजवर कसा उतरेल आणि त्याचा खर्च कसा आवरेल, हे शिकता यावे. जमाखर्च लिहिता यावा. वापरणाऱ्याला बोलते करून त्याची खरी अडचण ओळखता यावी. पदविकाधारकांना थेट दुसऱ्या वर्षात अनेकदा गणित जड जाते. त्यासाठी वेगळे वर्ग हवेत.

पेटंटचेही ज्ञान हवे. भारतात पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते. प्राथमिक तपशील देऊन तारीख राखता येते, मात्र पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यावा लागतो. प्रदर्शनात यंत्र उघड करून दाखवले आणि अर्ज मागाहून केला, तर ‘नवेपणा’ गेला म्हणून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच यात सवलत आहे. किती होतकरू विद्यार्थ्यांना हे वेळेवर सांगितले जाते?

दोन आक्षेप

कोणी म्हणेल, उद्योजक जन्मावा लागतो, तो शिकवून होत नाही. धाडस शिकवता येत नसेल, पण दोनशे नगांचा हिशेब नक्कीच शिकवता येतो. आणि पुष्कळ धंदे बुडतात ते धाडस कमी पडल्याने नव्हे, हिशेब न केल्याने.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पदविकेला येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी त्यांच्या पगाराची वाट पाहिली जात असते. त्यांना धंद्याच्या भरीस घालणे योग्य आहे काय? नाही, तसे मुळीच करू नये. आधी चार वर्षे नोकरी करून कारखाना आतून पाहणे हीसुद्धा चांगली तयारीच आहे. परंतु याच कारणासाठी हे शिक्षण त्यांना अधिक उपयोगी आहे, असे मला वाटते. विद्यापीठातला प्रकल्प फसला तर काही गुण जातात. बाहेर तोच प्रकल्प फसला तर आईचे दागिने जातात, कधी जमीन गहाण पडते. स्वस्तात चुका करून शिकण्याची जागा श्रीमंताच्या मुलाला घरीही मिळते; इतरांना ती विद्यापीठानेच द्यायला हवी.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, अशा अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी तीन प्रश्न जरूर विचारा. कार्यशाळा तासांव्यतिरिक्त खुली असते का? प्रकल्प कॉलेजच्या भिंतीबाहेरच्या माणसाला दाखवावा लागतो का? शिकवणाऱ्यांमध्ये प्रत्यक्ष कारखाना चालवलेले कोणी आहे का? तिन्ही उत्तरे ‘नाही’ असतील, तर इमारत कितीही भव्य असो, दुसरी संस्था पाहा.

आणि शिक्षकांना एक विनंती. या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनात प्रत्येक उपकरणाशेजारी एक छोटा तक्ता लावायला सांगा : हे कोणाला हवे आहे, किती जणांना विचारले, आणि एक नग किती रुपयांत पडला. आठवी-नववीचा विद्यार्थीही एवढे सहज करू शकेल.