नव्वद दिवसांचा नियम आणि सहा महिन्यांचा प्रवास

तंजावर : तंजावर जिल्ह्यातून परदेशी जाणाऱ्या माणसाचा प्रवास बहुधा तिरुचिरापल्लीच्या विमानतळापासून सुरू होतो. रस्त्याने हे अंतर साठ किलोमीटरच्या आसपास आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते २ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या तेथील नव्या टर्मिनलमधून सिंगापूर, क्वालालंपूर, कोलंबो आणि दुबईकडे विमाने जातात. या विमानांत पर्यटक असतातच. परंतु पट्टुकोट्टै, पेरावुरणी, ओरत्तनाडु या भागांतून बांधकामावर, गोदीत किंवा दुकानात कामाला निघालेले तरुण आणि मुलानातवंडांकडे काही महिने राहायला चाललेले वृद्ध आईवडीलही असतात. ‘तिकडे आपला मोबाइल चालेल ना?’ हा प्रश्न या सर्वांनाच पडतो. मात्र दहा दिवसांच्या सहलीला निघालेल्या माणसाच्या तोंडी त्याचा जो अर्थ असतो, तो दोन वर्षांच्या करारावर निघालेल्या कामगाराच्या तोंडी नसतो. दूरसंचार कंपन्यांच्या योजना आणि सरकारी नियम हे दोन्ही आजवर प्रामुख्याने पहिल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून आखले गेले आहेत.

तंजावरचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात येथे स्थापन केलेले भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरील मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रे त्याची साक्ष देतात. त्या काळापासून येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुढे चेन्नई, बंगळूर आणि तेथून परदेशात पांगली. पुण्याच्या किंवा नाशिकच्या घरांत जे दिसते तेच कावेरीच्या खोऱ्यातही दिसते : एक पिढी घरी, दुसरी बाहेर आणि मध्ये फोन. रिझर्व्ह बँकेच्या सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांकडून देशात आलेल्या रकमेपैकी २०.५ टक्के महाराष्ट्रात, १९.७ टक्के केरळमध्ये आणि १०.४ टक्के तमिळनाडूत आली. तमिळनाडूतील सुमारे २२ लाख लोक परदेशी असल्याचा अंदाज २०१५च्या राज्य स्थलांतर सर्वेक्षणाने वर्तवला होता. हा प्रश्न मूठभर हौशी प्रवाशांचा नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

रोमिंगची यंत्रणा समजून घेतली की पुढची गुंतागुंत उलगडते. सिंगापूरच्या विमानतळावर उतरून फोन सुरू केला की तो जवळच्या स्थानिक कंपनीच्या मनोऱ्याला आपली ओळख कळवतो. ती कंपनी सिममधील क्रमांकावरून भारतातील मूळ कंपनी ओळखते आणि ‘हा ग्राहक तुमचाच का, आणि याला सेवा द्यायची का?’ अशी विचारणा करते. दोन्ही कंपन्यांत करार असेल, ग्राहकाची आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा सुरू असेल आणि रिचार्जची मुदत शिल्लक असेल, तरच होकार मिळतो. त्यानंतर ग्राहकाच्या नावे आलेला प्रत्येक कॉल आणि लघुसंदेश आधी भारतातील कंपनीकडे येतो व तेथून परदेशी पाठवला जातो. डेटाही सहसा भारतात वळसा घालूनच जातो. या सेवेचे मोल परदेशी कंपनी भारतीय कंपनीकडून घाऊक दराने वसूल करते. हे दर दोन कंपन्यांमधील वाटाघाटींवर ठरतात. परदेशी कंपनीच्या दरावर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा म्हणजे ट्रायचा अधिकार चालत नाही.

फोन जुना असेल तर आणखी एक अडचण येते. सिंगापूरने २-जी सेवा १ एप्रिल २०१७ रोजीच बंद केली आणि २०२४च्या उत्तरार्धात ३-जी सेवेलाही निरोप देण्यास सुरुवात केली. गावाकडे वर्षानुवर्षे चालणारा बटणांचा साधा फोन तेथे उतरल्यावर निव्वळ घड्याळाच्या उपयोगाचा उरतो.

दरांचा प्रश्न युरोपीय संघाने राजकीय निर्णयाने सोडवला. १५ जून २०१७ पासून सदस्य देशांत फिरताना ग्राहकाला घरच्याच दराने फोन वापरता येतो आणि ही तरतूद २०३२ पर्यंत वाढवण्यात आली आहे. त्यासाठी कंपन्यांनी एकमेकींकडून घ्यायच्या घाऊक दरावरही मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे देशांतर्गत रोमिंगबाबत असाच बदल घडला. बीएसएनएलने १५ जून २०१५ पासून रोमिंगमध्ये येणारे कॉल मोफत केले, पुढे खासगी कंपन्यांनीही शुल्क हटवले आणि आज तंजावरचा सिमधारक मुंबईत आला तरी त्याला रोमिंग हा शब्द आठवत नाही. सीमेपलीकडे मात्र भारताला युरोपसारखा संघ नाही. दर कमी करायचे तर सिंगापूर किंवा संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांशी सरकारी पातळीवर स्वतंत्र बोलणी करावी लागतील. ज्या देशांशी पैशांच्या व्यवहाराची जोडणी करता येते, त्यांच्याशी ही बोलणी अशक्य का मानावीत, हे समजणे कठीण आहे.

तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते दर हा या प्रश्नाचा दुय्यम भाग आहे. परदेशात पोचलेला कामगार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्थानिक सिम घेतो आणि घरी इंटरनेटवरून बोलतो. महागड्या रोमिंग योजनेची त्याला गरज भासत नाही. त्याला गरज असते ती भारतातील क्रमांक जिवंत ठेवण्याची. कारण गेल्या दशकात मोबाइल क्रमांकाचे रूप पालटले आहे. तो आता संपर्काचा पत्ता राहिलेला नाही, तर ओळखपत्र झाला आहे. बँकेत पैसे आले-गेले, आधारची पडताळणी करायची, भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडून पाहायचे, निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला ॲपवरून द्यायचा, यांतील बहुतेक ठिकाणी वाट ओटीपीवरून जाते आणि तो ओटीपी भारतीय क्रमांकावर लघुसंदेशाने येतो. आधारचा ओटीपी तर परदेशी क्रमांकावर जातच नाही. परदेशात लघुसंदेश स्वीकारण्यास भारतीय कंपन्या सहसा शुल्क घेत नाहीत. म्हणजे हवी ती सेवा जवळपास फुकट आहे. परंतु ती मिळण्यासाठी क्रमांक चालू असला पाहिजे, आणि खरी कसोटी येथेच लागते.

ट्रायच्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार कॉल, संदेश, डेटा यांपैकी कशाचाही वापर झाला नाही म्हणून प्रीपेड क्रमांक ९० दिवसांच्या आत बंद करता येत नाही. त्यानंतर खात्यात किमान २० रुपये असतील तर ते वळते करून आणखी ३० दिवसांची सवलत मिळते. भारतात राहणाऱ्यासाठी ही तरतूद पुरेशी आहे. मात्र अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना तेथे सहसा सहा महिन्यांपर्यंत राहण्याची परवानगी मिळते आणि विमानभाड्याचा खर्च पाहता बहुतेक जण ती पुरेपूर वापरतात. करारावर गेलेला कामगार तर वर्ष-दोन वर्षे परतत नाही. नव्वद दिवस आणि एकशेऐंशी दिवस यांचा हा मेळ नियम लिहिताना कोणी घातलेला दिसत नाही.

शिवाय वापर नसणे आणि रिचार्जची मुदत संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक घोटाळा दुसरीतून उद्भवतो. योजनेची मुदत संपली की आधी बाहेर जाणारे आणि मग येणारे कॉल व संदेश थांबतात. म्हणून घरच्या कोणाला तरी दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी सिंगापुरातल्या मुलाच्या भारतीय क्रमांकावर रिचार्ज करावा लागतो, आणि ज्या डेटाचा उपयोगच होणार नाही त्याचेही पैसे मोजावे लागतात. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती करून केवळ कॉल व लघुसंदेशांच्या स्वतंत्र योजना देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि विशेष व्हाउचरची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. हे पाऊल निःसंशय योग्य होते. पण त्यानंतर खासगी कंपन्यांनी आणलेल्या वर्षभराच्या किंवा त्याच्या जवळपास मुदतीच्या योजना पावणेदोन हजार ते दोन हजार रुपयांच्या घरात राहिल्या. महिन्याला दोन-चार ओटीपी घेण्यासाठी ही रक्कम जास्तच म्हणावी लागेल. तीत भारतातील अमर्याद कॉलचीही किंमत धरलेली असते आणि परदेशी बसलेल्या माणसाला त्यांचा काडीचाही उपयोग नसतो.

क्रमांक गेलाच तर काय होते? नियमानुसार बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही. ट्रायने सर्वोच्च न्यायालयातही हीच भूमिका मांडली होती आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ते प्रकरण निकाली निघाले. त्या मुदतीनंतर मात्र तो क्रमांक एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती जाऊ शकतो आणि मूळ मालकाच्या बँकेचे संदेश त्याच्याकडे पोचण्याचा धोका निर्माण होतो. हा धोका टाळण्यासाठी राष्ट्रीय देयक महामंडळाने म्हणजे एनपीसीआयने मार्च २०२५च्या परिपत्रकाद्वारे बंद व पुन्हा वाटप झालेल्या क्रमांकांची यादी आठवड्यातून किमान एकदा तपासण्याचे बंधन बँका व यूपीआय ॲपवर घातले. सुरक्षेच्या दृष्टीने ही तरतूद रास्तच आहे. मात्र तिची दुसरी बाजू अशी की रिचार्ज राहून गेलेल्या परदेशस्थ ग्राहकाचा यूपीआय व्यवहार तो झोपेत असतानाच तुटू शकतो, आणि क्रमांक परत जोडण्यासाठी बँक पुन्हा त्याच क्रमांकावर ओटीपी पाठवते!

परदेशी क्रमांकावरच यूपीआय चालवता येत नाही का, असा प्रश्न येथे पडेल. येतो, पण अर्धाच. जानेवारी २०२३ मध्ये एनपीसीआयने सिंगापूर, अमेरिका, संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कतार, ओमान यांसह दहा देशांच्या क्रमांकांना ही मुभा दिली. त्याच वर्षी २१ फेब्रुवारीला यूपीआय आणि सिंगापूरची पे-नाऊ यंत्रणा जोडली गेली. परंतु परदेशी क्रमांकाची सोय अनिवासी भारतीयांच्या एनआरई व एनआरओ खात्यांपुरती आहे. सहा महिन्यांसाठी गेलेले आईवडील कायद्याने निवासीच राहतात, त्यांचे बचत खाते साधे असते आणि म्हणून त्यांना या सवलतीचा लाभ नाही. कामगाराने आपले खाते एनआरओमध्ये बदलून घेणे अपेक्षित असते. पण गावाकडचा सगळा कारभार ज्या खात्यावर चालतो ते अनेकदा तसेच राहून जाते.

या गुंतागुंतीत दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दिलेल्या निर्देशाची भर पडली. ज्या सिमवर नोंदणी झाली ते सिम फोनमध्ये असल्याखेरीज व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल यांसारखी संदेश ॲप चालू नयेत, अशी व्यवस्था करण्यास कंपन्यांना ९० दिवसांची मुदत देण्यात आली. परदेशात बसून भारतीय क्रमांकांच्या आडून फसवणूक करणाऱ्या टोळ्यांना आळा घालणे हा त्यामागचा हेतू आहे आणि ‘डिजिटल अटक’सारख्या प्रकारांत लोकांनी गमावलेल्या रकमा पाहता त्या हेतूवर आक्षेप घेता येणार नाही. सिम फोनमध्ये असेल आणि ग्राहक रोमिंगवर असेल तर अडचण येणार नाही, असा खुलासाही विभागाने केला. पण ज्याने भारतीय सिम काढून पाकिटात जपून ठेवले आणि त्याच जागी स्थानिक सिम घातले, त्याचे काय? दोन सिमचा फोन असलेल्याने दोन्ही आत ठेवावीत, ई-सिम असेल तर उत्तमच. एका सिमचा फोन वापरणाऱ्याला मात्र घरच्यांशी बोलणे आणि परदेशातील कामाच्या मुकादमाशी संपर्क राखणे यांत निवड करावी लागेल.

प्रवासाला निघणाऱ्याने आजच्या घडीला इतके तरी करावे : भारतीय सिमवरील आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी भारतातच सुरू करून घ्यावे, त्या सिमचा डेटा मात्र बंद ठेवावा, अनोळखी कॉल उचलू नये कारण परदेशात आलेल्या कॉललाही पैसे पडतात, आणि परतीच्या तारखेपुढे महिनाभर पुरेल इतकी मुदत आधीच घेऊन ठेवावी. बँकेत ई-मेलचा पत्ता नोंदवलेला असावा. सिम हरवले तर दुसरे मिळवण्यासाठी पुन्हा ओळख पटवावी लागते आणि परदेशातून ते सोपे नसते. सिम बदलल्यावर पहिले २४ तास लघुसंदेश बंद राहतात, हेही ध्यानात ठेवावे.

मूळ दोष मात्र ग्राहकाच्या सावधगिरीने भरून निघणारा नाही. रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ रोजी डिजिटल व्यवहारांच्या प्रमाणीकरणाबाबत निर्देश जारी केले. १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख ठरवण्यात आली. दुहेरी पडताळणीची अट कायम ठेवून लघुसंदेशाखेरीज इतर मार्गांनाही त्यांत वाव देण्यात आला आहे. लघुसंदेशाचा ओटीपी त्यामुळे रद्द होत नाही. बँका पर्याय देतील की जुन्याच वाटेने जातील, हे त्यांच्या इच्छेवर आहे. आणि बँकांनी तो मार्ग सोडला तरी आधार व इतर सरकारी सेवा उरतातच. तोवर ट्रायच्या हाती एक साधा उपाय आहे. ३६५ दिवसांच्या व्हाउचरला नियमाने जागा मिळालीच आहे. त्यात कॉल नको, डेटा नको, फक्त रोमिंगवर लघुसंदेश स्वीकारण्याची सोय आणि क्रमांक राखून ठेवण्याची हमी, इतकीच योजना अल्प दरात बंधनकारक करता येईल. क्रमांक राखण्यासाठी महिन्याला वीस रुपये हा दर ट्रायने स्वतःच मान्य केलेला आहे. त्या हिशेबाने वर्षाचे २४० रुपये होतात.