उत्तर आधी की प्रयोग आधी?

अमेरिकेतील एका घराचे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. सकाळचे दहा वाजले आहेत, पण घरातली मुले शाळेत गेलेली नाहीत. जेवणाच्या टेबलावर ओल्या वाळूने भरलेले पसरट ताट, प्लास्टर ऑफ पॅरिसची पिशवी, मोजपट्टी आणि दोन-तीन प्लास्टिकचे डायनोसॉर मांडलेले आहेत. आई हीच बाई आणि टेबल हीच प्रयोगशाळा! मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविण्याची ही पद्धत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, आणि ती पत्करणाऱ्यांत श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबांची संख्या मोठी आहे.

इतक्या दूरच्या घराची आपल्याला काय पडली आहे, असे तुम्ही विचाराल. पडली आहे, कारण त्या टेबलापाशी जो प्रश्न उभा राहतो तो आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही उभा असतो. तिथे तो जरा ठळक दिसतो, एवढेच.

प्रश्न असा. आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली बायबलमधील वंशावळींवरून हिशेब करून जगाची उत्पत्ती ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये झाली, असे मांडले. आजही काही ख्रिस्ती कुटुंबे पृथ्वीचे वय सुमारे सहा हजार वर्षे मानतात. सगळे ख्रिस्ती असे मानत नाहीत, हेही लगेच सांगितले पाहिजे. रोमन कॅथलिक चर्चला आणि अनेक प्रोटेस्टंट पंथांना पृथ्वीचे दीर्घ वय मान्य करण्यात अडचण वाटत नाही. पण जिथे ही श्रद्धा आहे, तिथे डायनोसॉर मोठा पेच टाकतो. खडक सांगतात की, पक्ष्यांचे पूर्वज वगळता बाकीचे डायनोसॉर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी नाहीसे झाले. मग त्या आईने काय करावे? विषयच टाळावा? की उत्तर आधी सांगून मग त्याला जुळेल असा प्रयोग करून घ्यावा?

माझे मत असे की, दोन्ही करू नये. प्रयोग मन लावून, पुरते करावेत आणि मोजपट्टीला तिचे उत्तर देऊ द्यावे.

हे प्रयोग फार सुंदर आहेत. तुम्हीही ते करू शकाल. पहिला प्रयोग पावलांच्या ठशांचा. ओल्या वाळूत ठसा उमटवायचा, त्यात प्लास्टर ओतायचे आणि घट्ट झाल्यावर साचा उचलायचा. पण खरी गंमत पुढे आहे. इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ मॅक्नील अलेक्झांडर यांनी १९७६ साली नुसत्या ठशांवरून प्राण्याचा वेग काढण्याची रीत मांडली. पावलाच्या लांबीची चौपट म्हणजे साधारणपणे जमिनीपासून कमरेपर्यंतची उंची. एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांमधले अंतर म्हणजे ढांग. ढांग कमरेच्या उंचीच्या दुपटीहून कमी असेल तर प्राणी चालत होता, जवळजवळ तिपटीच्या वर गेली तर धावत होता. समजा, पाऊल ५० सेंटिमीटर आहे आणि ढांग अडीच मीटर. कमरेची उंची दोन मीटर येते. म्हणजे स्वारी चालत होती. अलेक्झांडरच्या सूत्राने तिचा वेग ताशी सहा किलोमीटरच्या आत येतो, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतकाच! हा ‘चौपट’चा नियम घरातल्या माणसांवर ताडून पाहा. आपल्यात तो चारापेक्षा थोडा कमी भरेल. तेव्हा नियम हा अंदाज आहे, हेही मोजूनच कळते.

दुसरा प्रयोग वजनाचा. डायनोसॉरची प्रमाणबद्ध प्रतिकृती काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवून सांडलेले पाणी मोजा. प्रतिकृती मूळ प्राण्याच्या चाळिसाव्या हिश्श्याची असेल, तर आकारमान ४० × ४० × ४०, म्हणजे ६४,००० पटींनी वाढवावे लागेल. शंभर मिलिलिटर पाणी सांडले तर मूळ प्राण्याचे आकारमान ६,४०० लिटर. प्राण्याची घनता पाण्याइतकी धरली, तर वजन सुमारे साडेसहा टन. अलेक्झांडर यांनी स्वतः संग्रहालयात विकत मिळणाऱ्या प्रतिकृती घेऊन अशीच आकडेमोड केली होती.

तिसरा प्रयोग वयाचा. शंभर नाणी उधळा, छापा पडलेली काढून टाका, उरलेली पुन्हा उधळा. दर खेपेस साधारण निम्मी उरतात. किरणोत्सर्गी पोटॅशियमचे अर्धायुष्य १२५ कोटी वर्षे आहे. ज्वालामुखीच्या खडकात त्यातले किती उरले आणि त्यापासून आर्गॉन वायू किती झाला, हे मोजले की खडकाचे वय निघते. आणि एक लांब दोरी घ्या. एक मीटर म्हणजे एक कोटी वर्षे धरली, तर पृथ्वीच्या वयाला सुमारे ४५४ मीटर दोरी लागेल. डायनोसॉर शेवटच्या २३ मीटरांच्या आसपास अवतरतील आणि ६.६ मीटरांवर संपतील. सहा हजार वर्षे मात्र दोरीच्या टोकाशी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक जागा घेतील.

इथे आई थबकेल. ‘मुलाची श्रद्धा ढळली तर?’ ही भीती खोटी नाही आणि तिची टिंगल करणे मला पसंत नाही. पण तिला टेक्सास राज्यातील एक खरी हकीकत सांगावीशी वाटते.

तिथे ग्लेन रोझ या गावाजवळ पलक्सी नदीच्या पात्रात चुनखडकावर डायनोसॉरच्या पावलांचे ठसे आहेत. खडकाचे वय सुमारे ११ कोटी वर्षे. १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांत गावकरी हे ठसे खणून विकत. काहींनी तर माणसाची राक्षसी पावले छिन्नीने कोरून तीही विकली. १९३८ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे रोलंड बर्ड यांनी असे कोरीव ठसे पाहिले. ते बनावट आहेत हे त्यांनी ओळखले, पण मूळ जागा पाहायला गेले आणि त्यांना लांब मानेच्या महाकाय डायनोसॉरची खरीखुरी पायवाट सापडली. पुढे १९४० मध्ये तिचा एक भाग संग्रहालयासाठी काढून नेण्यात आला.

पण त्याच पात्रात काही लांबट, माणसाच्या पावलांसारखे दिसणारे ठसेही होते. माणूस आणि डायनोसॉर एकत्र नांदत होते याचा हा पुरावा, असे पृथ्वीचे वय थोडे मानणारे लोक म्हणू लागले. १९७२ साली त्यावर चित्रपटही निघाला. किती मुलांनी तो पाहिला असेल आणि त्यावर विश्वास ठेवला असेल!

१९८० नंतर ग्लेन कुबान या हौशी अभ्यासकाने ते ठसे एक एक करून साफ केले, मोजले, त्यांचे नकाशे काढले. तेव्हा लांबट ठशांच्या पुढच्या बाजूस वेगळ्या रंगाच्या भरावाच्या खुणा दिसल्या. त्या डायनोसॉरच्या तीन बोटांच्या होत्या. प्राणी टाच टेकवून चालला होता, बोटांच्या खळग्यांत नंतर गाळ भरून घट्ट झाला होता, आणि उरला होता तो फक्त लांबट भाग. मग काय झाले? १९८६ च्या सुमारास हा पुरावा मांडणाऱ्या मंडळींपैकी प्रमुखांनी, तो यापुढे वापरणे योग्य नाही, असे जाहीरपणे लिहिले आणि चित्रपटही मागे घेण्यात आला. त्यांनी धर्म सोडला नाही, पृथ्वीच्या वयाबद्दलचे मतही बदलले नाही. पण मोजमाप विरुद्ध गेल्यावर आपला लाडका पुरावा त्यांनी सोडून दिला. मला हा प्रसंग त्यांना कमीपणा आणणारा वाटत नाही. उलट, अशी कबुली देणे फार थोड्यांना जमते.

त्या आईने मुलांना ही हकीकत सांगावी. श्रद्धेला धोका मोजपट्टीपासून नसतो. धोका असतो तो पुढे कधीतरी मुलाला ‘मला घरी खोटा पुरावा दाखवला होता’ हे कळण्यापासून. तेव्हा त्याचा डायनोसॉरवरचा विश्वास उडत नाही, आईबापांवरचा उडतो. जग कोणी निर्माण केले, कशासाठी केले, हे प्रश्न मोजपट्टीचे नव्हेत. खडक किती जुना, पाऊल कोणाचे, हे मात्र तिचेच प्रश्न आहेत आणि ते तिलाच विचारले पाहिजेत.

शिवाय या कामात धर्मोपदेशक पूर्वीपासून आहेत. १८२४ साली मेगॅलोसॉरस या डायनोसॉरचे वर्णन प्रसिद्ध करणारे विल्यम बकलंड हे चर्चचे पाद्री होते. अमेरिकेत कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातील शेकडो ठसे जमविणारे एडवर्ड हिचकॉक हेही धर्मोपदेशकच. त्यांना ते प्रचंड पक्ष्यांचे ठसे वाटले. पक्षी डायनोसॉरांचेच वंशज आहेत हे आज आपण जाणतो, तेव्हा त्यांची चूकसुद्धा सत्याच्या शेजारीच होती, म्हणायची! आणि तिसरे नाव आपल्या विदर्भातले आहे. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. धर्मप्रचार आणि शाळा सांभाळून ते हातोडी घेऊन रानोमाळ हिंडत. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील प्रचंड हाडे त्यांच्यामुळे शास्त्रज्ञांपुढे आली.

त्याच पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत २००५ साली शास्त्रज्ञांना गवतातील सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हते, असे तोपर्यंत शास्त्रज्ञच समजत होते. मोजमापाने त्यांनाही उत्तर बदलायला लावले. आधी ठरवलेले उत्तर धर्माचे असो की पुस्तकाचे, कसोटी दोघांना एकच.

आता आपल्याकडे वळू. आपल्या प्रयोगशाळेत काय चालते? लंबकाचा प्रयोग सुरू होण्याआधीच जर्नलमध्ये ‘निष्कर्ष’ लिहून तयार असतो. निरीक्षण जुळले नाही तर आकडा खोडून शेजाऱ्याचा आकडा उतरवला जातो, आणि मार्कही त्यालाच मिळतात. मग त्या अमेरिकन आईला नावे ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार? तिच्याजवळ निदान वेळ आहे, समोर दोन-तीनच मुले आहेत, आणि चुकलेला ठसा पुन्हा उमटवायला ओली वाळू आहे.

म्हणून शिक्षकांना विनंती आहे. वर्षातून एक प्रयोग तरी असा घ्या की, ज्याचे उत्तर पुस्तकात नाही आणि तुम्हालाही ठाऊक नाही. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही पहिल्या पावसानंतर मैदानातल्या चिखलात कुत्र्याचे, गाईचे, आपल्या मित्राचे ठसे मोजा. कोण चालत होते, कोण धावत होते, याचा अंदाज आधी कागदावर लिहा. मग मोजा, आणि ज्याने तिथून जाताना पाहिले असेल त्याला विचारा. अंदाज चुकला तर खोडू नका. त्याखालीच नवे उत्तर लिहा आणि कागद तसाच ठेवा.