कौतुक पुरे, परवाना कोणाच्या नावे?

यंदाच्या अंकाचा विषय 'किनारा' असे जाहीर केले आणि टपालातून कोळणींची रांगच लागली. खोचलेले लुगडे, डोक्यावर टोपली, जिभेला धार आणि पैसा स्वतःच्या मुठीत. हिला स्त्रीवाद शिकवायची गरजच काय, असा बहुतेक लेखांचा सूर. दरवर्षी हेच येते. यंदा मात्र संयम सुटला.

ही कोळीण मुंबईच्या कॅलेंडरावरची. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात कितीतरी मच्छीमार घरे मुस्लिम आहेत, हेसुद्धा या लेखांच्या गावी नाही. पर्ससीन आणि ट्रॉलरची मासळी जेटीवर उतरते, घाऊक व्यापारी ती उचलतात आणि बर्फात घालून ट्रकने बाहेर पाठवतात. बाजारात वाटे लावून बसणारी बाई त्यांच्यापुढे बोली लावणार ती किती? नौकामालकाला डिझेलवरच्या कराचा परतावा मच्छीमार सोसायटीमार्फत मिळतो. बाईने बर्फ रोखीने घ्यायचा, आणि गिऱ्हाईक मात्र उधारी मागणार. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. तेव्हा सुक्या मासळीवर भागवायचे. मुठीत पैसा असतो खरा, पण संध्याकाळपर्यंत तो घरखर्चात जिरतो. नौका, परवाना, सोसायटीचे सभासदत्व बहुधा घरातल्या पुरुषाच्या नावे.

हे बघत वाढलेली मुलगी आज गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात शिकते, एखादी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाची वाट धरते, आणि आईची टोपली मला नको म्हणते. आमच्या लेखकांना याचे वाईट वाटते. परंपरा तुटते म्हणे! ज्यांनी कधी ओल्या जेटीवर पहाट काढली नाही, त्यांना टोपलीचा उमाळा फार. मला तिच्या या नकारात आजचा स्त्रीवाद दिसतो. तो शब्द ती वापरत नाही. वापरणार कशी? 8 मार्चला तो तिच्यापर्यंत आला तो पैठणीच्या खेळाला बांधून. तिला विचारायचे असते ते वेगळेच: माझ्या पगाराचे एटीएम कार्ड कोणाच्या खिशात? लग्न ठरवताना नोकरीचे बोलणे कोण करणार? आणि क्लास सुटायला आठ वाजले तर भाऊ न्यायला आलाच पाहिजे का? चळवळीत उमर काढलेल्या आमच्या काही मैत्रिणींना हे प्रश्न किरकोळ वाटतात. त्यांच्याशी माझे भांडण आहे, आणि ते मिटवायची घाई नाही.

कोणाच्या नावे, हा प्रश्न इतिहासालाही विचारता येतो. याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मिरजोळीचे समाजसुधारक हमीद दलवाई. 18 एप्रिल 1966 रोजी तोंडी तलाकविरोधात सात मुस्लिम महिलांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधानभवनावर नेला. एका दमात दिलेला तोंडी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवायला 2017 साल उजाडले. मोर्चा इतिहासात दलवाईंच्या नावे जमा आहे, आणि तो मान त्यांचाच. पण त्या सात जणी कोण, हे आमच्या किती वाचकांना सांगता येईल? संख्या पाठ, नावे नाहीत.

2025 या वर्षाचा आढावा थोडक्यात. जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, आनंद झाला. 'लाडकी बहीण' योजनेचे महिन्याचे दीड हजार बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा होतात. त्यामागचे मतांचे राजकारण मला कळते, तरी खाते तिचे आहे हे मी मोडीत काढणार नाही. एप्रिलमध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. चांगलेच झाले. आता शेतीच्या दराने कर्ज आणि विजेच्या सवलती मिळायच्या. शेतीत सातबारावर जिचे नाव नाही ती बाई जन्मभर राबूनही कागदावर शेतकरी ठरत नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. तेच आता बंदरावर व्हायचे का?

म्हणून यंदा मच्छीमार सोसायट्यांकडे एक मागणी. वार्षिक अहवालात एक रकाना वाढवा: सभासदांत बाया किती, त्यांतल्या तिशीच्या आतल्या किती, आणि त्यांपैकी कोणाच्या नावे काय आहे. अहवाल आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात जसाच्या तसा छापू.