चौथा महिना लागेपर्यंत गप्प का?

"तीन महिने कुणाला सांगू नये, दृष्ट लागते." पाळी चुकली की घरातली मोठी माणसं सुनेला पहिलं हेच बजावतात. कौतुकाची वेळ सातव्या महिन्यातली. तेव्हा डोहाळजेवण होतं, हिरवी साडी येते, वाडी भरली जाते. पण बहुतेक बायकांचे हाल होतात ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, आणि नेमकं तेव्हाच काही झालंच नाही असं वागायचं!

या दिवसांत शरीरात होतं तरी काय? शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं, तर साधारण सहाव्या आठवड्यात मळमळ सुरू होते. फोडणीचा वास नकोसा होतो, छाती दुखते, सारखं लघवीला लागतं, भर दुपारी उभ्या-उभ्या झोप येते. दहांपैकी सात-आठ जणींना मळमळीचा त्रास होतो. बहुतेकींचा तो बारा ते चौदा आठवड्यांपर्यंत कमी होतो. याला नखरे आणि आळस म्हणणाऱ्यांनी एक दिवस असं पोट घेऊन स्वयंपाक करून पाहावा. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, तर मात्र अंगावर काढू नका. गरोदरपणात चालणारी औषधं आहेत.

गप्प राहण्याची किंमत कुणाला मोजावी लागते? बाळाच्या मेंदूचा आणि कण्याचा पाया सहाव्या आठवड्यातच घातला जातो. म्हणून फॉलिक ॲसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी शक्यतो दिवस राहण्याआधीपासूनच हवी. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा, असं सरकारी आरोग्यसेवाही सांगते. शेजारणीपासून लपवायचं, तर आशाताईला घरी बोलवायचं कसं?

रक्ताचे थोडे डाग अनेकींना दिसतात आणि तरीही दिवस टिकतात. पण ते डॉक्टरांना दाखवायलाच हवेत. भरपूर रक्तस्राव, पोटात एका बाजूला तीव्र कळ, चक्कर येऊन पडणं, असं काही झालं तर लगेच दवाखाना गाठायचा. गर्भ नळीत राहिला असेल तर जिवावर बेतू शकतं. घरात कुणाला ठाऊकच नसेल, तर तिला नेणार कोण?

आणि गर्भ पडला तर? कळलेल्या गर्भधारणांपैकी शंभरात दहा ते वीस आपोआप पडतात. सुरुवातीला पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो. तरी बोट तिच्याकडेच: जड उचललं असेल, पपई खाल्ली असेल. मुळात दिवस गेल्याचंच कुणाला सांगितलेलं नसतं, त्यामुळे तिचं दुःखही मुकं राहतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चुलीपुढे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती ठेवली. पण शेतमजूर बाईला कोण रजा देणार? उसाच्या फडात कोयता धरणारीचा तर खाडाच लागतो.

ज्यांना हे मूल नको आहे, त्यांच्यासाठी तर हेच दिवस मोलाचे. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला कायद्याने तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही. दवाखाना ती मागत असेल तर त्याला हे ठणकावून सांगा.

मैत्रिणींनो, साऱ्या गावाला सांगा असं आमचं म्हणणं नाही. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, हे जिचं पोट तिने ठरवावं. पण दृष्टीच्या भीतीने लादलेली गप्प बसण्याची सक्ती आपण मोडायला हवी. पुढच्या वेळी सून, जाऊ किंवा कामाच्या जागची मैत्रीण फोडणीच्या वासाने तोंड फिरवताना दिसली, तर मुलगा की मुलगी याचे अंदाज बांधत बसू नका. तिच्या हातातला झारा घ्या, आणि तिच्या नवऱ्याच्या हातात द्या.